तपासणी फुकट

अमरावती,
४ एप्रिल

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

डबा मिळाला. वांग्याची भाजी खोलीतल्या चौघांनी मिळून फस्त केली, मला जेमतेम दोन फोडी मिळाल्या. उत्तमरावकाका आज गाडी चुकता चुकता वाचले म्हणे. विम्याच्या कचेरीसाठी रोज अकोला-अमरावती अपडाऊन करणारा माणूस माझ्यासाठी डब्याची पिशवीही सांभाळतो, त्यांना एकदा चहा पाजायला हवा. आणि तुझा हुकूम असा, की रिकामा डबा परत पाठवायचा नसतो, त्यात काहीतरी घालायचं. हॉस्टेलच्या पोराकडे घालायला काय असणार? म्हणून ही चिठ्ठी. तीही शुद्ध मराठीत, कारण आत्या मराठीची मास्तरीण. फोनवर बोललो असतो तर दोन मिनिटांत सुटलो असतो!

बातमी अशी, की यंदा जयंतीच्या रक्तदान शिबिराचा प्रमुख मी आहे. जयंती समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे नत्थुजींनी, बैठकीत सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मागच्या वर्षी मंडप मोठा आणि दाते मूठभर. रक्तपेढीची माणसं पोहे खाऊन गेली. पोरं मिरवणुकीत नाचायला पहिली आणि सुई पाहिली की पसार. यंदा असं होऊ देणार नाही. माझ्याकडे एक आयडिया आहे. आत्ता सांगत नाही, नंतर बघ.

परवा कॉलेजात आरोग्यावर व्याख्यान झालं. विषय गुप्तरोग. मुली एका हॉलमध्ये, मुलं दुसऱ्यात. पाहुणे ब्रह्मचर्यावरच तासभर बोलले, आणि चित्रं आली तेव्हा इतक्या जोरात पुढे सरकवली की काय होतं ते कळलंच नाही. प्रश्न चिठ्ठीवर लिहून मागितले. बहुतेक चिठ्ठ्यांत पोरांनी चावटपणा केला होता. एकाने मात्र नीट विचारलं होतं, "संबंध आल्यावर रोग लागला की नाही, हे तपासणीत किती दिवसांनी कळतं?" पाहुण्यांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि म्हणाले, हे प्रश्न लग्नानंतरचे आहेत. हॉल हसून लोळला. मीही हसलो.

भावना कशी आहे? तिला सांग, दादा यंदा अमरावती गाजवणार.

तुझा भाचा,
संघपाल


अकोला,
७ एप्रिल

चि. संघपाल,
सप्रेम जय भीम.

शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत, पण प्रमुखसाहेबांना आज माफ. हिवरखेडला तुझ्या बाबांना फोन करून सांगितलं. धर्मपालदादा बोलला काही नाही, नुसता "हं" म्हणाला. पण त्याचा तो "हं" मी लहानपणापासून ओळखते. मनातून हरखला की असा येतो.

भावना बरी आहे. जानेवारीत सिकल सेलचा झटका आला होता तेव्हा दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं, तू परीक्षेत होतास म्हणून तुला फार सांगितलं नव्हतं. हाडं मोडल्यासारखी दुखतात रे तिची, आणि पोरगी मलाच म्हणते, "आई, तू रडू नको, मले तुयं रडणं पाहवत नाई." पिशवी लागली की थोड्या वेळात गालावर रंग येतो. ते रक्त कोणाचं, मला माहीत नाही. कोण्या अनोळखी माणसाने सुट्टीच्या दिवशी बाही वर करून दिलेलं. माझी पोरगी तशा लोकांच्या जिवावर चालतेय, म्हणून तू या कामात पडलास याचा मला किती अभिमान वाटतो ते पत्रात मावणार नाही.

तुझी आयडिया काय ते कळव. पोरांना लाडू देणार असशील तर करून पाठवते.

तुझी,
दीपमाला आत्या


अमरावती,
१६ एप्रिल

प्रिय आत्या,
जय भीम, जय भीम, जय भीम!

जिंकलो! रक्तपेढीच्या पिशव्या संपल्या, त्यांना दुसऱ्यांदा गाडी पाठवावी लागली. मंडपाबाहेर पोरांची रांग. ज्यांनी आयुष्यात सुई टोचून घेतली नाही असे पैलवान रांगेत. नत्थुजी स्टेजवरून म्हणाले, "या पोरानं नाव काढलं." मिरवणुकीत मला खांद्यावर घेतलं, मग मीही नाचलो, पाय अजून दुखून राहिले.

आता आयडिया ऐक. मी मेसच्या दारावर पोस्टर लावलं आणि हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकलं: "रक्त द्या! पाच रोगांची तपासणी फुकट! काही निघालं तरच फोन येईल, नाहीतर तुम्ही पास!" खोटं काहीच नाही ना यात? रक्तपेढी प्रत्येक पिशवी तपासतेच. सीनियर पोरं हे आधीपासून गुपचूप करतात. कुठे काही भानगड झाली, मनात भीती बसली, की रक्त देऊन यायचं. दोन-चार दिवस गेले, फोन आला नाही, की निश्चिंत. मी फक्त गुपित होतं ते उघड लिहिलं. समितीतल्या मोठ्या लोकांनी पोस्टर वाचलं, त्यांना वाटलं मलेरिया-बिलेरियाबद्दल असेल.

त्यावरून एक विचारायचं आहे. तुला भावनामुळे रक्ताबद्दल खूप माहिती आहे. आमच्या मजल्यावरचा एक जण आहे. मार्चमध्ये सेमाडोहच्या सहलीपासून त्याचं एका मुलीशी जुळलं. पुढचं तू समजून घे. जयंतीच्या आदल्या आठवड्यात तिने त्याला बोलावून सांगितलं, की तिला सिफिलिस म्हणतात तो गुप्तरोग निघाला आहे, औषध सुरू आहे, तूही जाऊन तपासून घे. तिचं धाडस बघ! पोरं तर तिच्याबद्दल भलतंसलतं बोलून राहिली. हा घाबरला. सरकारी दवाखान्यात गावाकडचं कोणी भेटेल म्हणून जात नव्हता. मीच म्हटलं, रांगेत कशाला तोंड दाखवतो, चौदा तारखेला रक्त दे. फॉर्मवर असले प्रश्न असतात, तिथे सगळीकडे "नाही" लिही, नाहीतर परत पाठवतात. दिलं त्याने.

आज दोन दिवस झाले, फोन नाही. म्हणजे तो सुटला ना?

संघपाल


अकोला,
१७ एप्रिल, सकाळी

संघपाल,

तुझी चिठ्ठी मी तीन वेळा वाचली. पहिल्यांदा वाटलं, माझंच काही वाचायला चुकतंय. काल तुला फोन केले, तू कापलेस. मग "मीटिंगमध्ये आहे" असा निरोप टाकलास. कसली मीटिंग रे?

अरे, तू केलंस काय? ज्या पोराला कळलंय की आपल्याला लागण झालेली असू शकते, त्याचं रक्त तू दुसऱ्याच्या अंगात घालायला पाठवलंस? आणि फॉर्मवर खोटं लिहायला शिकवलंस? आणि वर मला विचारतोस, तो सुटला ना?

नाही सुटला. त्या चिठ्ठीतला प्रश्न आठव, ज्यावर तुम्ही सगळे लोळून हसलात. त्याचं उत्तर मी देते, मला भावनाच्या डॉक्टरांनी पहिल्याच पिशवीच्या वेळी समजावलं होतं. लागण झाल्या झाल्या चाचणीत काही दिसत नाही. काही आठवडे रोग अंगात असतो आणि चाचणी म्हणते, सगळं ठीक. एचआयव्हीचं तसंच, बी आणि सी काविळींचं तसंच, या गुप्तरोगाचंही तसंच. म्हणून तर रक्तपेढी आधी माणसाला विचारते. चाचणी ही दुसरी चाळणी आहे, पहिली चाळणी माणसाचा खरेपणा. ती पहिली तू आपल्या हाताने फाडलीस आणि मेसच्या दारावर तसं छापून लावलंस. एक तो आहे जो तुला माहीत आहे. तुझं पोस्टर वाचून मनात भीती घेऊन आलेले किती, ते तुला तरी माहीत आहे का?

आणि त्या मुलीचं. तुम्ही सगळे मिळून जिच्याबद्दल भलतं बोलता, तीच एक शहाणी आहे तुमच्यात. ती दवाखान्यात गेली, औषध घेतलं, आणि लाज गिळून त्याला सांगितलं. पुढची साखळी तोडायला निघाली होती पोरगी.

"एक जण, एक जण" असं लिहिलं आहेस. तो एक जण तू आहेस का? असशील तर सरळ सांग. मी तुझा जीव घेणार नाही.

आता फक्त एकच काम. कोणत्या रक्तपेढीने शिबिर घेतलं ते मला माहीत नाही, त्या पोराचं नाव माहीत नाही, नाहीतर मीच फोन लावला असता. आज दुपारी त्याला घेऊन तिथे जा आणि सांग, ही पिशवी वापरू नका. एवढं म्हटलं तरी पुरतं, कोणी उलटतपासणी घेत नाही. एका माणसाचं रक्त तीन भाग करून तीन जणांना जातं, आणि त्यातला एक भाग चार-पाच दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही, म्हणून तो आधी जातो. उशीर करू नकोस. उद्या शाळेला रजा टाकून मी स्वतः येते.

आत्या


अमरावती,
१७ एप्रिल, दुपारी

आत्या,

तू मला इतकं बोलशील असं वाटलं नव्हतं. शिबिर एवढं मोठं झालं, त्याबद्दल एक शब्द नाही.

तो मी नाही. नाव सांगायचं नव्हतं, पण तुला खरं वाटणार नाही म्हणून सांगतो. तो अंकुर, अंजनगाव सुर्जीचा, माझ्या बाजूच्या खाटेवरचा. तू त्याच्या वाटणीची भाजी पाठवतेस तोच. मी कोणत्याही मुलीच्या भानगडीत नाही. मला तर तू पहिल्यांदाच असं विचारलंस.

रक्तपेढीत मी आज गेलो नाही. जाईन की नाही माहीत नाही. रागावू नको, माझं ऐकून घे. त्यांच्याकडे मशिनी आहेत, शिकलेली माणसं आहेत. फोन आला नाही म्हणजे चाचणी बरोबर निघाली. मी जाऊन सांगितलं की आमच्या शिबिरात असे असे लोक येऊन गेले, तर ते सगळ्या पिशव्या फेकून देतील. मग बातमी बाहेर फुटेल. आणि मग लोक काय म्हणतील? संघपालचं शिबिर असं नाही म्हणणार. म्हणतील, यांच्या जयंतीचं रक्त. तुला माहीत नाही का, आपल्याकडे आधीच कसं पाहतात? तूच सांगितलं होतंस, भावनाच्या वॉर्डात एका बाईने पिशवी पाहून विचारलं होतं, "हे कोन्या वस्तीतलं रक्त आहे?" वर्षानुवर्षं आपल्या लोकांनी रक्त देऊन देऊन जे नाव मिळवलं, ते मी एका दिवसात घालवू? नत्थुजींना काय सांगू? बाबांना काय सांगू?

अंकुर म्हणतो, "राहू दे ना भाऊ, कावून उकरून राहिला?" तोही रात्रभर जागाच असतो, पण म्हणतो.

तू उद्या येऊ नको. हॉस्टेलवर तमाशा होईल.

संघपाल


अकोला, जिल्हा रुग्णालय,
१८ एप्रिल, सकाळी

संघपाल,

मी येऊ शकत नाही. काल संध्याकाळी भावनाला झटका आला. तुझी चिठ्ठी उत्तमरावांनी इथे वॉर्डात आणून दिली आणि आता ही न्यायला ते गाडीच्या आधी वाट वाकडी करून आलेत. उभे आहेत, म्हणून पटकन लिहिते.

डॉक्टर म्हणाले, रक्त लागेल. पिशवी आली. सिस्टरने संमतीचा कागद पुढे केला. आतापर्यंत असल्या कागदावर मी किती वेळा सही केली असेल, कधी वाचलासुद्धा नाही. काल माझा हात थांबला. भावना कण्हत होती, पाठ धनुष्यासारखी वाकलेली, आणि मी पेन घेऊन त्या पिशवीकडे बघत उभी. मनात एकच, हे कोण्या पोराचं आहे? त्याला कोणी काय सांगून रांगेत उभं केलं असेल? त्याने फॉर्मवर खरं लिहिलं असेल का?

हे अकोल्याचं रक्त, तुझ्या शिबिराचं नाही, हे मला कळत होतं. तरी हात हलेना. सिस्टर म्हणाली, "बाई, करा ना सही, पोरगी तळमळून राहिली." हे बाहेरून धावत आले, "काय झालं तुले?" म्हणून ओरडले. मग मी सही केली. जिच्या जिवासाठी मी अनोळखी लोकांना आजवर मनातून हात जोडले, तिच्याच पिशवीची मला काल भीती वाटली, संघपाल. मला माझाच धक्का बसलाय, अजून ओसरला नाही.

तू म्हणतोस, लोक आपल्या रक्ताकडे कसं पाहतील. ज्या बाईने वस्ती विचारली होती तिला डॉक्टरांनी झापलं होतं. ते ठणकावून झापू शकले, कारण त्या पिशवीत लपवलेलं काही नव्हतं. आज तुझ्या शिबिराबद्दल कोणी विचारलं तर डॉक्टर काय सांगतील? नाव लपवून राहत नसतं रे.

आणखी लिहीत नाही. तुझ्या शहरात आत्ता कोणाची तरी भावना खाटेवर आहे.

आत्या


अमरावती,
२० एप्रिल

प्रिय आत्या,
जय भीम.

भावना कशी आहे ते आधी कळव. काकांना रोज विचारतो, ते नुसते "बरी आहे" म्हणतात.

अठराला तुझी चिठ्ठी मी हॉस्टेलच्या फाटकातच उभा राहून वाचली. खोलीत गेलो, अंकुरला म्हटलं, चल. तो म्हणाला, "कुठं?" मी म्हटलं, "तुले माहीत आहे कुठं." तो काही न बोलता चप्पल घालू लागला. मला वाटतं तो कोणी म्हणायचीच वाट पाहत होता.

रक्तपेढीत माधवी मॅडम म्हणून समुपदेशक आहेत. मी बाहेर पाठ केलेलं सगळं विसरलो. अंकुरच म्हणाला, "मॅडम, माझं रक्त कोनाले देऊ नका." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. त्याचा पिशवी नंबर काढला, आत फोन केला. मग आम्हाला बसायला सांगून स्वतः आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहूनच मला कळलं.

तू लिहिलं होतंस तसे तीन भाग केले होते. लाल पेशी फ्रीजमध्ये होत्या, त्या बाजूला काढल्या. प्लाझ्माही गोठवलेला होता, तोही काढला. प्लेटलेट्स गेल्या होत्या. सतरा तारखेला संध्याकाळी. मॅडम रागावल्या नाहीत, साधं बोलल्या, "दुपारी आला असता ना तुम्ही, तर इथंच होत्या." आत्या, त्या दुपारी मी खोलीत बसून, संध्याकाळच्या डब्यात टाकायला तुला ते रागाचं पत्र लिहीत होतो.

कोणाला दिल्या ते त्या सांगत नाहीत. मी पाया पडलो, तरी नाही. एवढंच म्हणाल्या, त्या पेशंटच्या डॉक्टरांना कळवू, पेशंटवर लक्ष ठेवतील, तपासण्या करत राहतील. लागण होईलच असं नाही, शक्यता कमीच आहे. मी विचारलं, "कमी म्हणजे किती?" त्या म्हणाल्या, "त्यांच्या घरच्यांनीही हेच विचारलं तर मी काय सांगू, ते तूच सांग."

मग मी पोस्टरबद्दल सांगितलं. तेव्हा मात्र त्या खुर्चीतून उठल्या. "असं लिहिलं होतं? दारावर?" त्यांनी शिबिराच्या उरलेल्या सगळ्या पिशव्या थांबवल्या आणि मला म्हणाल्या, आता तूच तुझ्या ग्रुपवर लिही. मी तिथेच बसून लिहिलं, माझ्या नावाने. की पोस्टर चुकीचं होतं, रक्तदान ही तपासणी नाही, नवीन लागण त्यात सुटू शकते. ज्यांनी मनात शंका ठेवून रक्त दिलं त्यांनी मॅडमच्या नंबरवर फोन करून फक्त कार्डावरचा पिशवी नंबर सांगावा, नाव विचारणार नाहीत. तपासणी सरकारी दवाखान्यातल्या केंद्रात फुकट होते, तीही गुप्त.

मला वाटलं, चार-पाच जण असतील. आम्ही तिथे बसलो होतो तेवढ्यात मॅडमचा फोन वाजायला लागला आणि थांबेचना. त्या नंबर लिहून घेत होत्या, एकामागून एक. मध्येच त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. स्टेजवर उभा राहून मला रांग दिसली होती, रांगेतल्या पोरांच्या मनात काय आहे ते दिसलं नव्हतं. ही सगळी पोरं कोणाला तरी विचारायला जागा शोधत होती, आणि मी त्यांना दुसऱ्याच्या शिरेत पाठवलं.

संध्याकाळी नत्थुजींकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जयंतीच्या नावावर हे केलं तू? चालता हो माह्यासमोरून." मी उठलो तर पुन्हा हाक मारली, "बस. पानी पे." बाबांना त्यांनीच फोन लावून दिला. बाबा "हं"सुद्धा म्हणाले नाहीत.

अंकुरला केंद्रात नेलं. त्याच्या पहिल्या तपासणीचं उत्तर आलं. गुप्तरोग निघाला, नेमका तोच. म्हणजे रक्त दिलं तेव्हा तो अंगात होता आणि चाचणीत दिसला नव्हता. इंजेक्शन दिलं, पूर्ण बरा होतो म्हणाले. एचआयव्हीचं आत्ता काही नाही, पण तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय खात्री नाही. मीही तपासून घेतलं. गरज नव्हती, पण एकट्याला बाकावर बसवून बाहेर उभं राहणं जमेना. त्याच बाकावर आमच्या हॉस्टेलची आणखी पोरं होती. एकमेकांकडे कोणी पाहिलं नाही. मग एक जण सरकला, जागा दिली.

आत्या, तू मला माफ केलंस का? एवढं एक लिही.

संघपाल


अकोला,
२३ एप्रिल

चि. संघपाल,
सप्रेम जय भीम.

भावना घरी आली. काल स्वतःच्या पायांनी गॅलरीत गेली आणि शेजारच्या मांजरीशी भांडली, म्हणजे बरी आहे असं समज. तुझी चिठ्ठी तिने मागितली, मी दिली नाही. मोठी होईल तेव्हा मीच सांगेन तिला, तुझ्यासकट सगळं. शरीराबद्दल तिला चिठ्ठीवर प्रश्न लिहायची पाळी येऊ नये, एवढं मी ठरवलंय.

तू गेलास, सांगितलंस, नावानिशी लिहिलंस. हे सोपं नव्हतं, मला कळतं. दादालाही कळतं. काल फोनवर मला म्हणाला, "पोरगं खरं बोललं ना शेवटी?" आणि मग फोन ठेवला. त्याला थोडा वेळ दे.

अंकुरला सांग, इंजेक्शन झालं म्हणून मोकळा झाला असं समजू नको. डॉक्टर पुन्हा बोलावतील तेव्हा जायचं, आणि तोवर कोणाच्या जवळ जायचं नाही. पुढेही निरोधाशिवाय नाही. बी काविळीची लस मिळते, ती दोघंही घ्या. मला हे लिहिताना कानाच्या पाळ्या तापल्यात, पण न लिहून काय होतं ते आपण बघितलं. आणि त्या मुलीची त्याने जाऊन माफी मागावी. तिच्याबद्दल जे जे बोलले त्या सगळ्यांनी मागावी.

आता तुझा प्रश्न. तू विचारलंस, माफ केलं का. मी दोन दिवस हा कागद समोर ठेवून बसले. मला लिहायचं होतं, हो रे बाबा, केलं. तू माझ्या दादाचा पोरगा, तुला मी अंगाखांद्यावर खेळवलं, मी दुसरं काय लिहिणार? पण लिहिता येईना. माझं तू काही घेतलं नाहीस. माझी पोरगी त्या कोपऱ्यात बसून चित्रं काढतेय. ज्यांच्या घरी सतरा तारखेला ती पिशवी गेली, त्यांनी माफ करायचं. ते माझ्या हातात नाही, संघपाल, आणि मी त्यांच्या वतीने उदार होणार नाही.

तू माझा आहेस, ते मात्र आहेसच. जेवत जा.

तुझी,
आत्या


अमरावती,
२४ जुलै

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

आज अंकुरचा शेवटचा रिपोर्ट आला. एचआयव्ही नाही, कावीळ नाही. गुप्तरोगही उतरला आहे. रिपोर्ट हातात घेऊन तो केंद्राच्या पायरीवरच बसला आणि हुंदके देऊन रडला. जाणारे-येणारे बघत होते, त्याला काही वाटलं नाही. मलाही नाही.

त्या मुलीची माफी त्याने मेमध्येच मागितली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तपासून आलास?" बस, एवढंच.

रिपोर्ट घेऊन मी माधवी मॅडमकडे गेलो. आता तरी त्या पेशंटचं सांगा म्हटलं. त्या म्हणाल्या, नाव नाही सांगणार, पण तुला एवढं कळायला हवं. पेशंट ठीक आहे. तपासण्या झाल्या, काहीही लागलेलं नाही. घरच्यांना एप्रिलमध्येच सांगितलं होतं, की रक्त देणाऱ्या मुलाला नंतर एक आजार निघाला म्हणून तुमच्याकडे लक्ष ठेवावं लागेल. त्यांनी तीन महिने असे काढले. आज मॅडमनी सगळं नीट आहे म्हणून सांगायला त्यांना फोन केला.

मी विचारलं, ते काय बोलले? शिव्या दिल्या का? आत्या, मी शिव्या ऐकायच्या तयारीनेच गेलो होतो. खरं सांगतो, मला त्या हव्या होत्या.

मॅडम म्हणाल्या, पेशंटच्या बापाने फोन घेतला होता. आधी त्याने आत हाक मारून घरच्यांना सांगितलं. मग म्हणाला, "बरं झालं, मॅडम. अन् ज्या पोरानं रक्त दिलं होतं, तो बरा आहे ना आता?"

अंकुरला हे अजून सांगितलेलं नाही. दोनदा खोलीत गेलो, तो पुस्तक घेऊन बसला होता. दोन्ही वेळा तसाच परत आलो.

तुझा,
संघपाल